कोंडिबाचा लष्करी ट्रेलर

निमोण्याच्या पलीकडं, घोड नदीच्या अंगाला ते गाव आहे. नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून आहेत, आणि असं काही झालंच नव्हतं, अशी त्यांची आता खात्री झालेली आहे.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा. आदल्या साली पाऊस दडी मारून बसला होता आणि त्याआधीच्या सालीही त्यानं हात आखडताच घेतला होता. गावच्या विहिरीत दुपारी डोकावलं तर तळाचे दगड दिसायचे. सरकारी टँकर यायचा, तो विहिरीत पाणी ओतायचा, आणि ओतलं की ते पाणी गावाचं व्हायचं. गावाचं म्हणजे वरल्या आळीचं. बौद्धांची वस्ती ओढ्याच्या कडेला होती. गावकरी तिला पहिल्यापासून आदरानं राजवाडा म्हणायचे. तर ह्या राजवाड्यातल्या बायकांनी विहिरीपासून लांब हंडे मांडून बसायचं, वरल्या आळीचं भरून झालं की कुणीतरी उपकार केल्यासारखं वरून ओतायचं, निम्मं हंड्यात आणि निम्मं मातीत. कधी कुणाला वेळ नसायचा. मग त्या बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायच्या आणि कोसभर डोक्यावरून आणायच्या.

त्या राजवाड्यात कोंडिबा राहायचा. लष्करात ड्रायव्हर होता, तिथून सुटून घरी आला होता. अंगानं आडवा, मिशा मोठ्या, आणि थापा मिशांपेक्षा मोठ्या. पासष्ट सालच्या लढाईत त्यानं रणगाडा चालवला होता, लाहोरच्या वेशीवर चहा प्याला होता, एका जनरलानं त्याला 'कोंडिबाजी' म्हणून हाक मारली होती. बायको कस्तुराबाई हे सगळं चुलीपुढं बसून ऐकायची आणि शेवटी एवढंच म्हणायची, "लढाई चालू व्हती तवा तुमची मनीआर्डर जबलपूरवरनं यायची. लाहोरला काय पोस्ट नव्हतं?"

चैत्रात कोंडिबा काम शोधायला दौंडला गेला. रेल्वे यार्डाच्या मागं एका शेठचं भंगाराचं कोठार होतं. शेठचा लॉरीवाला पळून गेला होता, त्याच्या जागी कोंडिबाला घेतलं. तिथं गंजलेल्या रुळांच्या आणि फुटक्या बॉयलरांच्या मागं त्याला तो दिसला. दोन चाकांचा लष्करी पाण्याचा ट्रेलर. वर लांबट टाकी, टाकीवर माणूस आत उतरेल एवढं झाकण, दोन्ही अंगाला दोन दोन नळ, पुढं ओढायचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला जाड कडी. हिरवा रंग पापुद्रे होऊन गळत होता. टायरांच्या नुसत्या चिंध्या राहिल्या होत्या. लिलावात शेठनं ढिगाबरोबर उचलला होता आणि पुढच्या आठवड्यात तो कापायचा होता.

"शेठ, हा कापू नका," कोंडिबा म्हणाला.

"का? तुझा कोण लागतो?"

"माझ्याच पलटणीतला हाय. मी वळखला."

शेठनं आयुष्यभर भंगार घेतलं होतं, माणसंही तो तशीच पारखायचा. त्यानं हिशेब केला की हा माणूस दीड महिना लॉरी चालवील आणि पगाराऐवजी हे डबडं घेऊन जाईल. सौदा तिथंच झाला. लोखंड कापायची मजुरीही वाचली म्हणून शेठनं वर दोन जुने टायर दिले.

वैशाखात शेठच्या लॉरीमागं बांधून कोंडिबानं ट्रेलर गावात आणला. चावडीपाशी लॉरीचा वेग मुद्दाम कमी केला. राजवाड्यात पोचल्यावर कस्तुराबाई बाहेर आली. तिनं ट्रेलरकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"पगार कुठंय?"

"त्यो काय, हुबा हाय."

ती आत गेली आणि त्या दिवशी तिनं एकटीपुरतीच भाकरी थापली.

गावाला मात्र दुष्काळात फुकटची करमणूक मिळाली. सरपंच सोपानराव स्वतः बघायला आले. सोपानराव म्हणजे पांढरं धोतर, पांढरी टोपी, आणि ज्या कामात आपला हात नाही ते काम फुकट, असं मानणारा माणूस. लांबूनच, काठीनं दाखवत म्हणाले, "कोंडिबा, रणगाड्याचं पिल्लू आणलंस व्हय? मोठं झाल्यावर लढाईला पाठीव."

बरोबरची माणसं हसली. सरपंच विनोद करतात तेव्हा हसायची त्या गावची रीत होती.

"सरपंच, पाणी आणणार हाय ह्यातनं," कोंडिबा म्हणाला.

"आन् त्या भोकांतनं पाणी गळंल त्येचं काय?"

भोकं होती हे खरं. टाकीच्या पोटाला तीन ठिकाणी बोट जाईल एवढी. कोंडिबानं त्या गोळ्यांच्या खुणा असल्याचं जाहीर केलं. कस्तुराबाईनं एका भोकाच्या कडेला नख लावलं, तर बिस्किटासारखा पत्रा गळून आला. "गोळ्या लई हळू मारत्यात वाटतं तिकडं," ती म्हणाली.

राजवाड्यात बैलजोडी एकच होती, आनंदरावाची. त्या बैलांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या, तरी आनंदरावानं ती दिली. टायर चढवून, कडी गाडीच्या दोरखंडानं जुवाला आवळून, कोंडिबा नि आनंदराव ट्रेलर शिरूरला घेऊन गेले. वाटेत खडी फोडणाऱ्या दुष्काळी कामावरची माणसं हातोडे खाली ठेवून बघत राहिली. एकानं विचारलं, हे काय आहे? कोंडिबानं सांगितलं, सरकारी गुपित आहे.

शिरूरला एसटी स्टँडच्या मागं पोपटचं वेल्डिंगचं दुकान होतं. पोपटनं टाकीवर हातोडी मारत एक फेरी घातली.

"मामा, डाग द्यायला पत्रा तर पायजे. हितं भोकाला भोक जोडू का?"

"लष्करी माल हाय, पोरा. नीट बघ."

"नीट बघितलं म्हणूनच म्हणतोय."

तरी पोपटनं एका जुन्या डिझेलच्या पिंपाचा पत्रा कापला आणि टाकीला तीन मोठी ठिगळं लावली. दोन नळ बसून गेले होते ते रॉकेल घालून मोकळे केले. कोंडिबा सारा वेळ बाजूला उभा राहून सूचना देत होता. त्यातली एक पोपटनं ऐकली आणि ते ठिगळ त्याला पुन्हा काढावं लागलं.

गावात आणून पहिलं पाणी भरलं तर ते काळं निघालं आणि त्याला डांबराचा वास आला. आतून घासल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. घासायचं म्हणजे झाकणातून आत उतरायचं. "लष्करात ही कामं ड्रायव्हरच करतो," असं म्हणून कोंडिबा आत शिरला आणि पोटाशी अडकला. खाली पाय हलत होते, वर मिशा हलत होत्या. आनंदरावानं बगलेत हात घालून ओढलं, दोघांनी शर्टाला धरून वर खेचलं. अर्धा राजवाडा हसून जमिनीवर बसला. त्या वर्षात माणसं एवढी कधी हसली नव्हती. कस्तुराबाई एका खांबाला धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाहेर निघाल्यावर कोंडिबानं सांगितलं की झाकण पाकिस्तानी मापाचं आहे.

शेवटी शेजारची साळूबाई आत उतरली. ती आधीच काटकीसारखी होती, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीनं आणखी वाळली होती. विटकरीचा चुरा, राख, आणि चिंचेचा कोळ घेऊन ती दोन दिवस आत बसून घासत राहिली, बाकीच्या बायका बाहेरून चिंध्या आणि राख पुरवत राहिल्या. कस्तुराबाईनं स्वतःच्या घरची वर्षाची चिंच दिली. साळूबाई बाहेर यायची तेव्हा तिचे फक्त दात ओळखू यायचे. तिसऱ्या वेळी भरलेलं पाणी कस्तुराबाईनं ओंजळीत घेतलं, हुंगलं, आणि प्याली. "पाणी हाय," एवढंच म्हणाली. त्या दिवशी कोंडिबाला जेवायला वाढताना तिनं भाकरीवर तेल घातलं.

मग रोजचं काम सुरू झालं. पहाटे बैल जुंपायचे, नदीच्या झिऱ्यावर जायचं, माणसांची रांग लावून बादल्यांनी टाकी अर्धी भरायची, कारण पुरी भरली तर बैल जागचे हलत नसत. राजवाड्यातल्या बायकांची डोकी पहिल्यांदा मोकळी झाली. कोंडिबा दांड्यावर बसून बैल हाकायचा, अंगात जुना खाकी शर्ट, आणि वाटेनं जाणाऱ्याला सलाम करायचा. सलाम कुणी परत करायचं नाही, पण त्याचं त्याला काही वाटत नसे.

ज्येष्ठ लागला आणि सरकारी टँकर यायचा बंद झाला. कुणी म्हणालं बिघडला, कुणी म्हणालं दुसऱ्या गावाला वजन जास्त आहे. विहिरीत चिखल राहिला. वरल्या आळीच्या बायकांना नदी माहीत होती, ती फक्त धुणं धुवायला. आता डोक्यावर हंडे घेऊन कोसभर जाताना त्यांना ट्रेलर दिसायचा. खडखडत, ठिबकत, त्यांच्या शेजारून पुढं निघून जायचा.

देवळाच्या पारावर बैठक बसली. प्रश्न पाण्याचा नव्हता, पाणी तर डोळ्यांपुढून रोज जात होतं. प्रश्न ते प्यावं कसं हा होता. म्हातारा तात्याबा अशा बाबतीत गावचं कायदेकानूनचं दुकान होता. त्यानं पानाला चुना लावत विचार केला.

"पाणी नदीचं. नदीला विटाळ न्हाई."

"न्हाई," लोक म्हणाले.

"टाकी लोखंडाची, आन् ती लष्कराची. लष्कर म्हंजी सरकार. सरकारला जात न्हाई."

"न्हाई."

"मग राह्यला फकस्त हाकणारा. त्यो बदलता यील."

एवढी सोपी गोष्ट आपल्याला आधी कशी सुचली नाही, ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं.

सोपानराव दुसऱ्या दिवशी राजवाड्यात आले. ह्या खेपेला ते लांब थांबले नाहीत. कोंडिबाच्या दारातल्या बाजेवर चक्क बसले आणि म्हणाले, "कोंडिबाराव."

जनरलानं 'जी' लावल्याची थाप कोंडिबा गेली कित्येक वर्षं मारत होता. खरोखरचं 'राव' त्याला आयुष्यात पहिल्यांदा लागलं. तो उभाच राहिला.

सोपानरावांनी योजना सांगितली. ट्रेलर गावाची शान आहे. तो देवळापुढच्या चौकात उभा राहावा. बैल वरल्या आळीचे, चांगले खाल्लेले, टाकी पुरी भरून आणतील. हाकायला त्यांचाच गडी. उद्घाटनाला तालुक्याहून सभापती येतील, आणि त्यांच्या हातून कोंडिबाचा फेटा बांधून सत्कार होईल.

"भाषण?" कोंडिबानं विचारलं.

"करा की. लढाईचं सांगा."

कोंडिबा हो म्हणाला. सरपंच गेल्यावर कस्तुराबाई म्हणाली, "साळूबाईनं दोन दिस आत बसून घासलं. आनंदरावाची बैलं झिजली. कुणाला इचारलं तुम्ही?"

"अगं, गाव आपल्या दारात आलं."

"गाव पाण्याच्या दारात आलं. तुम्ही मधी हुभं व्हतात."

कोंडिबा मिशीला तूप लावायला लागला.

उद्घाटनाच्या दिवशी ट्रेलरला झेंडूच्या माळा घातल्या. नंबराच्या जागी पांढऱ्या रंगात 'ग्रामपंचायतीच्या सौजन्याने' असं लिहिलं होतं. सभापतींनी नारळ फोडला. कोंडिबाला गुलाबी फेटा बांधला आणि मंचाच्या कडेला एका खुर्चीवर बसवलं. खुर्ची बाकीच्या खुर्च्यांपासून हातभर अलीकडं होती, पण फेट्याच्या आनंदात त्याच्या ते लक्षात आलं नाही. सोपानरावांनी भाषण केलं. हा ट्रेलर शत्रूकडून जिंकलेला असून तो गावात आणण्यासाठी आपण दौंडला किती खेटे घातले, ते त्यांनी सांगितलं. कोंडिबा ऐकत राहिला. थापा मारणाऱ्या माणसाला दुसऱ्याची थाप ऐकणं किती अवघड असतं, ते त्याला त्या दिवशी कळलं.

मग पहिलं पाणी पितळी पेल्यांतून सभापतींना, सोपानरावांना आणि तात्याबाला दिलं. तिघांनी ते तीर्थासारखं घेतलं. आणि सोपानरावांनी व्यवस्था जाहीर केली.

"गर्दी व्हायला नगं. ट्रेलरला दोन अंगाला नळ हायेत. देवळाकडचे नळ गावाला. ओढ्याकडचे नळ राजवाड्याला. गावाचं भरून झाल्यावर ते सोडायचे."

टाकी एकच होती. लष्करात ज्यानं कुणी ती बनवली त्यानं पाणी लवकर भरून व्हावं म्हणून दोन्हीकडं नळ ठेवले होते. त्यांचा असाही उपयोग असेल, हे त्याला सुचायचं कारण नव्हतं.

कस्तुराबाई हंडा घेऊन उठली. सावकाश चालत देवळाकडच्या नळाशी गेली, नळ सोडला आणि हंडा खाली धरला. पाणी पडायचा आवाज तेवढा येत होता.

"कस्तुरे," सोपानराव म्हणाले, "तुमचा नळ पलीकडं हाय."

"ह्यो बी माझाच हाय. ह्याचा डाग माझ्या मालकानं लावून आणलाय, आन् ह्याच्या आत माझी चिंच लागलीय."

"हंडा उचल," तात्याबा म्हणाला. दोन गडी पुढं सरकले. एकानं हंड्याला पायानं ढोसलं. हंडा कलंडला आणि पाणी धुळीत पसरलं.

कोंडिबा खुर्चीवरून उठला. फेटा एका बाजूला झुकला होता. सगळ्यांना वाटलं तो आता ओरडेल किंवा रडेल. पण त्यानं घसा साफ केला आणि सभापतींना खाडकन सलाम ठोकला.

"सायेब, माझं भाषण राह्यलंय."

सभापतींना जेवायला जायचं होतं. ते म्हणाले, करा.

"ह्यो ट्रेलर सरपंचांनी सांगितला तसा शत्रूचा न्हाई. मी वळखतो ह्याला. जबलपूरला आमच्या छावणीत व्हता." त्याचा आवाज आता चांगला लागला होता. "शंभर जवानांचे संडास व्हते. त्यांच्या बादल्या धुवायचं पाणी ह्यातनं जायचं. आन् पावसाळ्यात गाडी कमी पडली तर बादल्यांतला माल बी ह्यातनंच जायचा. झाकण येवढं मोठं ते त्येच्यासाठीच. मी सोता वढलाय."

तात्याबानं हातातला पितळी पेला खाली ठेवला.

"खोटं बोलतोय ह्यो," सोपानराव म्हणाले. "सवय हाय त्याला."

"सरपंच," कोंडिबा शांतपणे म्हणाला, "तुमच्या गळ्याची आन."

सभापतींनी रुमाल तोंडाला लावला आणि जीपकडं चालू लागले. जीपच्या मागं जाऊन ते काय करत होते, हे सगळ्यांना ऐकू आलं. तात्याबा पाराच्या कडेला वाकून घशात बोटं घालत होता. सोपानराव उभेच होते, पण त्यांचा रंग त्यांच्या टोपीसारखा झाला होता. वरल्या आळीच्या बायकांनी भरलेल्या कळशा होत्या तिथं ओतल्या आणि त्या घासायला राख शोधत घरी पळाल्या. घटकाभरात चौक रिकामा झाला.

साळूबाई कस्तुराबाईच्या कानाशी लागली. "बाई, आत डांबर व्हतं. मी दोन दिस बसले व्हते. त्यो वास तसला नव्हता."

"गप," कस्तुराबाई म्हणाली. "हंडा लाव."

आनंदरावानं बैल जुंपले आणि ट्रेलर माळांसकट ओढ्याकडं परत गेला.

राजवाडा रोज ते पाणी पीत होता आणि कुणाला काही होत नव्हतं. गावानं त्याचा अर्थ लावला की त्यांना चालतं. तसा अर्थ लावून गाव तहानलेलं बसलं. थोड्या दिवसांनी, एका सकाळी, सरपंचांची बायको गिताबाई कळशी घेऊन एकटी ओढ्याकडं आली. पदर पुढं ओढलेला होता.

"कस्तुराबाई, एक कळशी मिळंल का?"

कस्तुराबाई नवरी होऊन त्या गावात आल्याला वीस वर्षं झाली होती. वरल्या आळीतून तिच्या नावाला 'बाई' पहिल्यांदाच लागलं.

"संडासाचं हाय बरं का," ती म्हणाली.

"असू द्या. आमचे मालक परवापास्नं तेच पित्यात. गड्याला पाठवून पहाटंचं न्हेत्यात, आन् मला सांगत्यात विहिरीला झरा लागलाय." गिताबाईनं पदर मागं सारला. "मी म्हटलं, चोरून कशाला, मागूनच आणू."

कस्तुराबाईनं रांगेकडं बोट दाखवलं. "लाइनीत हुभ्या ऱ्हावा. साळूबाईच्या मागं."

गिताबाई उभी राहिली. ते बघून दुसऱ्या दिवशी चार आल्या, मग सारी वरली आळी आली. एकच रांग, मिळेल तो नळ. तात्याबाची सून आली तेव्हा तिनं सांगितलं, आमचे मामंजी म्हणतात वाहत्या पाण्याला दोष नसतो. कोंडिबा खाकी शर्ट घालून रांगेला शिस्त लावायचा आणि रांगेत उभ्या असलेल्यांना पळून जाता येत नसल्यानं लढाईच्या सगळ्या गोष्टी त्यांना पुरत्या ऐकाव्या लागायच्या.

एकदा जेवताना कस्तुराबाईनं विचारलं, "त्या ट्रेलरचं खरं काय?"

"मला काय ठावं?" कोंडिबा म्हणाला. "दौंडात बघितला त्याच्या आधी कवा बघितला असंल तर शपथ."

ती हसली आणि त्याला आणखी कालवण वाढलं.

मृग कोरडाच गेला, आषाढात पाऊस लागला. विहीर भरली, आणि गावाला सगळं पुन्हा आठवलं. महिनाभर एका रांगेत उभ्या राहिलेल्या बायका विहिरीवर राजवाड्याच्या बायकांना पुन्हा लांब बसवू लागल्या. गिताबाई तेवढी मान खाली घालून पाणी भरायची आणि हंडे ओतताना मातीत सांडू द्यायची नाही. पुढं तिलाही घरातून समज मिळाली. शिरूरच्या एका समारंभात सोपानरावांच्या गळ्यात हार पडला. दुष्काळात ज्या गावानं एकोप्यानं एका टाकीचं पाणी प्यालं, त्या गावाचे सरपंच म्हणून.

दिवाळीनंतर ग्रामसभा भरली. राजवाड्यासाठी वेगळी विहीर मिळावी, अशी मागणी आनंदरावानं मांडली. सोपानराव उठले. हाराचा वास अजून गेला नव्हता.

"एका गावात दोन विहिरी कशाला?" ते म्हणाले. "आपल्यात काय भेदभाव हाय का?"

वरल्या आळीनं टाळ्या वाजवल्या. बायका मागं बसल्या होत्या, त्यातून कस्तुराबाई उठली.

"भेदभाव न्हाई म्हणता?"

"अजिबात न्हाई."

"मग उद्या सकाळी आम्ही समद्याजणी विहिरीवर येतो. रहाटाला हात लावून भरतो. आमच्या पोहऱ्यानं."

सोपानरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि तात्याबाकडं पाहिलं. तात्याबा पानाला चुना लावत होता.

राजवाड्याच्या विहिरीचा ठराव त्याच बैठकीत एकमतानं मंजूर झाला. सूचक सोपानराव, अनुमोदक तात्याबा.